ध्वनिमुद्रिकांचा संग्रह आणि यंत्राची निवड



गिरगांवांत ठाकुरद्वाराच्या बाजूनें फणसवाडींत शिरलें म्हणजे दाक्षिणात्य धर्तीचें व्यंकटेशाचें मंदिर दृष्टीस पडतें. त्याच्या आसपास, लांकडी जिन्यांच्या आणि सामाईक गॅलऱ्यांच्या चाळींतून, मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या नांदल्या. त्या चाळींपैकीं कांहीं अद्यापि उभ्या आहेत. कांहीं पाडल्या गेल्या आणि त्यांच्या जागीं उंच इमारती आल्या. चाळ पाडावयाची ठरली म्हणजे बिऱ्हाड हलवावें लागतें, आणि बिऱ्हाड हलवावयाचें म्हणजे माळा उतरावा लागतो. माळ्यावरून तांब्याचा बंब येतो, पितळेची समई येते, जुन्या मासिकांचे गठ्ठे येतात. आणि पुष्कळदां सर्वांच्या मागून, एकट्यादुकट्यास उचलवूं नये अशी एक पत्र्याची ट्रंक खालीं येते. तींत काळ्या तबकड्या असतात. मग घरांत प्रश्न उभा राहतो : हें ओझें नव्या घरीं न्यावयाचें, कीं भंगारवाल्यास देऊन मोकळें व्हावयाचें ?

ध्वनिमुद्रिकांचा संग्रह कसा करावा आणि त्या वाजविण्याचें यंत्र कसें निवडावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. वरवर पाहतां हे दोन विषय वाटतात. वस्तुतः तो एकच आहे. कारण यंत्र चुकीचें असेल तर संग्रह दिवसेंदिवस झिजत जातो, आणि यंत्रच नसेल तर संग्रह मुका राहतो.

दृष्टान्तादाखल अशाच एका बिऱ्हाडाची कल्पना करावी. घरांत ऐशीं वर्षांचे आजोबा आहेत आणि कॉलेजांत शिकणारा नातू आहे. नातवास हल्लींच्या तरुणांप्रमाणें तबकड्यांचा छंद लागलेला. त्यानें पेटीसारखें मिटणारें एक स्वस्त यंत्र विकत आणलेलें. माळ्यावरची ट्रंक उघडतांच त्यानें मोठ्या उत्साहानें आजोबांच्या वडिलांनीं घेतलेली एक जुनी तबकडी त्या यंत्रावर ठेविली. सुई टेंकली आणि पाऊस कौलांवर पडावा तसा आवाज सुरू झाला. त्या आवाजाच्या पलीकडे कोणी तरी गात होतें, इतकेंच कळे.

"आजोबा, ह्यांत नुसती खरखर आहे हो. ह्या तबकड्या आतां संपल्या. तुम्ही उगाच जीव अडकवूं नका," नातू म्हणाला.

"संपल्या कशा ? अरे, ह्याच तबकडीवरून सबंध मजला गाणें ऐकत असे. दोष तुझ्या यंत्राचा आहे. आण तुझी ती नवी तबकडी, माझ्या फोनोवर लावून दाखवितों," आजोबा म्हणाले.

आजोबांनीं चावीचा जुना फोनो पुसून काढला, किल्ली भरली आणि नातवाची लाँग प्ले तबकडी त्यावर चढविली. गाणें दुपटीहून अधिक वेगानें चिरकलें. त्यांनीं घाईघाईनें हात उचलला; पण पोलादी सुई जेथून गेली होती तेथें पांढुरका ओरखडा उमटला होता. नातवाची तबकडी कायमची बिघडली आणि आजोबांची ट्रंक भंगारांत जावयाची वेळ आली.

ह्या प्रसंगांत दोघांचेंहि संगीतावर प्रेम होतें आणि दोघांनींहि चूक केली. ती चूक एकाच जातीची होती : तबकडी कोणत्या प्रकारची आहे हें न पाहतां दोघांनींहि ती हाताशीं असलेल्या यंत्रावर ठेविली. अशा चुकीमुळें काय गमवावें लागतें, हें समजण्यासाठीं त्या ट्रंकेंत असतें तरी काय, तें प्रथम पाहिलें पाहिजे.

१९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रणाचा जाणकार कलकत्त्यास आला. तेथें त्यानें गोहरजानचें गाणें मुद्रित केलें. त्या काळीं मुद्रण मेणाच्या तबकडीवर होई आणि तिच्या ठशांवरून विक्रीच्या तबकड्या छापण्याचें काम जर्मनींत हानोव्हर येथें होई. गाणें कोणाचें आहे तें दूरदेशींच्या कारागिरांस कळावें म्हणून गोहरजान गाण्याच्या शेवटीं इंग्रजींत आपलें नांव सांगे. तो उच्चार आजहि तिच्या तबकड्यांवर ऐकूं येतो. पुढें १९०८ सालीं कलकत्त्याच्या सियालदह भागांत तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला. १९२५ पर्यंत गायकास एका कर्ण्यापुढें उभें राहून जोरानें गावें लागे, कारण आवाजाच्या धक्क्यानेंच मेणावर रेघ कोरली जाई. त्यानंतर मायक्रोफोन आला आणि नाजूक हरकतीहि तबकडीवर उतरूं लागल्या. मुंबईंतहि १९३५ सालापासून 'यंग इंडिया' ह्या छापाच्या तबकड्या निघाल्या. त्यांचा कारखाना वडाळ्यास होता.

त्या तबकडीच्या एका बाजूवर सारी तीन-साडेतीन मिनिटें मावत. तासभर राग मांडणाऱ्या गवयास तेवढ्यांत आपली विद्या सांगावयाची असे. अब्दुल करीमखाँ, बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर, भावगीत गाणारे जे. एल. रानडे आणि जी. एन. जोशी ह्यांचे आवाज मराठी घरांत पोंचले ते ह्याच तीन मिनिटांच्या वाटेनें. ज्याला नाटकगृहाचें तिकीट परवडत नसे, ज्या गृहिणीस बैठकीस जातां येत नसे, त्या सर्वांना ही काळी तबकडी नाटकगृहाच्या आणि बैठकीच्या ठिकाणीं होती.

आणि जे गवई तबकडीवर आले नाहींत त्यांचें काय झालें ? भास्करबुवा बखले हे मास्टर कृष्णराव आणि बालगंधर्व ह्यांचे गुरु. ते १९२२ सालीं निवर्तले. त्यांच्या गाण्याची आठवण लिहून ठेवणारे पुष्कळ झाले. पण त्यांच्या आवाजाची एकहि तबकडी नाहीं. अल्लादियाखाँसाहेबांचें आयुष्य तर दीर्घ होतें. शाहूमहाराजांच्या निधनानंतर ते कोल्हापूर सोडून मुंबईस आले आणि १९४६ सालीं येथेंच वारले. ध्वनिमुद्रणाचें यंत्र त्यांच्या हयातींत ह्याच शहरांत होतें. परंतु त्यांनीं आपलें गाणें तबकडीवर दिलें नाहीं. आज त्यांच्या गायकीची कल्पना शिष्यांच्या गाण्यावरूनच करावी लागते. सारांश, ज्यांचा आवाज राहिला तो एका ठिसूळ तबकडीवर राहिला आहे. ती तबकडी भंगारांत गेली अथवा चुकीच्या सुईनें खरवडली गेली, तर अब्दुल करीमखाँ आणि भास्करबुवा ह्यांच्यांतील हें अंतरहि उरणार नाहीं.

म्हणून संग्राहकाचें पहिलें काम तबकड्या विकत घेणें हें नव्हे, घरांतल्या तबकड्या ओळखणें हें आहे.

तबकड्यांचे मुख्यतः दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग लाखेच्या तबकड्यांचा. ह्या जड, ताठ आणि कांचेसारख्या ठिसूळ असतात. हातून पडल्या कीं फुटतात. पळसासारख्या झाडांवरील किड्यांपासून मिळणारी लाख आणि दगडाची बारीक भुकटी ह्यांच्या मिश्रणानें त्या बनत. ह्या मिनिटास सुमारें ७८ फेरे घेतात. दुसरा वर्ग विनाइलच्या तबकड्यांचा. ह्या हलक्या आणि किंचित् लवचीक असतात. १९४८ सालीं अमेरिकेंत ३३ पूर्णांक १ तृतीयांश फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी निघाली आणि पुढल्याच वर्षीं ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आली. लाँग प्लेच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणें बसूं लागलें. १९५५-५६ सालीं पुणें केन्द्रावरून प्रसृत झालेलें गीतरामायण पुढें अशा लाँग प्ले तबकड्यांच्या संचांतून घरोघर गेलें.

दोहोंतील महत्त्वाचा भेद खांचेंत आहे. लाखेच्या तबकडीची खांच रुंद असते. तिला इंचाच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट जाडीचें टोंक लागतें. लाँग प्लेची खांच बारीक असून तिला एक हजारांश इंच किंवा त्याहूनहि लहान टोंक लागतें. आतां नातवाची चूक ध्यानांत येईल. त्याच्या यंत्रावर ७८ चा वेग होता, पण सुई लाँग प्लेची होती. ती बारीक सुई रुंद खांचेच्या भिंतींस न टेंकतां तळाशीं घसरत गेली. तळाशीं शंभर वर्षांची धूळ आणि दगडाची भुकटी; तीच त्याला ऐकूं आली. गाणें भिंतींवर कोरलेलें होतें, तेथपर्यंत सुई पोंचलीच नाहीं.

आजोबांची चूक ह्याच्या उलट होती. चावीच्या फोनोंत विजेचें साहाय्य नसतें. खांचेंतील कंप सुईवाटे अभ्रकाच्या पडद्यास मिळतात आणि कर्णा ते मोठे करतो. त्यासाठीं सुईवर शंभर ग्रॅमहून अधिक भार पडतो. लाखेच्या तबकडींतील दगडाची भुकटी मुद्दामच घातलेली असे. ती पोलादी सुईचें टोंक घासून खांचेच्या आकाराचें करी. म्हणूनच 'एक बाजू, एक सुई' असा नियम होता. जुनी सुई दुसऱ्या बाजूस वापरली म्हणजे तिची झिजून झालेली धार खांचेच्या भिंती कापूं लागे. विनाइलमध्यें भुकटी नसते आणि तें मऊ असतें. शंभर ग्रॅमच्या पोलादी सुईखालीं तें नांगरल्यासारखें उकरलें जातें. ह्यास्तव चावीच्या फोनोवर विनाइलची तबकडी एकदांहि ठेवूं नये. लाखेची ठेवावयाची असेल तर प्रत्येक बाजूस नवी सुई घ्यावी, आणि तीहि जिच्या दुसऱ्या प्रती मिळतात अशाच तबकडीस. दुर्मिळ तबकडी चावीच्या फोनोवर वाजवूं नये.

आतां यंत्राच्या निवडीकडे वळूं. बाजारांत आज पुष्कळ यंत्रें मिळतात आणि दुकानदार त्यांचा रंग, लांकूड आणि चकाकी दाखवितो. घेणारानें मात्र पुढील प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न वेगाचा. पुष्कळ नव्या यंत्रांवर ३३ आणि ४५ हे दोनच वेग असतात. घरांत लाखेच्या तबकड्या असतील तर ७८ चा वेग असलेलेंच यंत्र घ्यावें. त्यांतहि वेग थोडा कमीअधिक करण्याची सोय असेल तर फार उत्तम. कारण आरंभींच्या काळांतील सर्वच तबकड्या कांटेकोर ७८ वर मुद्रित झालेल्या नाहींत. मूळ वेग साडेत्र्याहत्तरच्या सुमाराचा असून तबकडी ७८ वर फिरविली, तर पांढरी एकमध्यें गाणारा गवई काळी एकमध्यें गाऊं लागतो आणि त्याची लयहि चढते. आवाज पातळ आणि तान उतावीळ वाटते. मग ऐकणारा म्हणतो, 'जुने लोक असेच किनरे गात.' दोष गवयाचा नसतो, चकतीचा असतो. शेजारीं पेटी किंवा तंबोरा ठेवून वेग लावला म्हणजे पुष्कळ गवई आपल्या खऱ्या आवाजांत बोलूं लागतात.

दुसरा प्रश्न सुईचा. सुई बदलतां येते काय, आणि ७८ साठीं वेगळी सुई त्या यंत्रास मिळते काय ? ज्या यंत्राची सुई बदलतां येत नाहीं तें कितीहि देखणें असलें तरी संग्राहकाच्या कामाचें नाहीं. हिऱ्याच्या सुया निरनिराळ्या मापांच्या मिळतात. त्यांपैकीं एक लाँग प्लेसाठीं आणि एक लाखेच्या तबकड्यांसाठीं, अशा दोन तरी घरांत असाव्या.

तिसरा प्रश्न भाराचा. चांगल्या यंत्राच्या दांडीस मागील टोंकाला एक वजन असतें. तें फिरवून सुईचा भार मोजून ठेवतां येतो. लाँग प्लेसाठीं बहुधा दीड ते अडीच ग्रॅम पुरतात. लाखेच्या तबकडीस तीन ते पांच ग्रॅम लागतात. सुईच्या कारखानदारानें जो आंकडा दिलेला असतो तो पाळावा. भार कमी ठेविला म्हणजे तबकडी वांचते असा समज आहे, तो खरा नाहीं. फार हलकी सुई खांचेंत उड्या मारते आणि प्रत्येक उडीला भिंतीवर आघात करते. पेटीसारख्या स्वस्त यंत्रांत हें वजन नसतें. तेथें भार अधिक असतो आणि तो बदलतां येत नाहीं.

चौथा प्रश्न चकती फिरविण्याच्या रीतीचा. कांहीं यंत्रांत मोटर बाजूस असून रबरी पट्टा चकती फिरवितो. कांहींत मोटर चकतीच्या खालींच असते. पट्ट्याच्या यंत्रांत मोटरीची घरघर सुईपर्यंत कमी पोंचते. परंतु मुंबईच्या दमट हवेंत रबर सैल पडतें, तेव्हां नवा पट्टा सहज मिळेल ना, हें विचारून ठेवावें. थेट मोटरीचें यंत्र लगेच वेग घेतें आणि वर्षानुवर्षें चालतें. पण चांगलें असेल तर त्याची किंमतहि तशीच असते. ह्या दोन पंथांत वाद पुष्कळ आहे. सामान्य घरास दोन्ही चालतात. बैठक जड आणि चकती सपाट असली म्हणजे झालें.

पांचवा प्रश्न विजेचा. परदेशांतून नातेवाइकानें आणलेलें जुनें यंत्र फुकट मिळतें म्हणून आनंद होतो. पण अमेरिकेंत विजेची कंपसंख्या सेकंदास ६० असते आणि भारतांत ५०. जुन्या यंत्रांतील पुष्कळशा मोटरी विजेच्या कंपांबरोबरच फिरतात. अशी मोटर येथें सहाव्या हिश्श्यानें मंद चालते आणि ७८ ची चकती ६५ फेरे घेते. शिवाय तेथील विजेचा दाब ११० ते १२० व्होल्ट, येथील २३०. म्हणून यंत्राच्या पाठीवरील पट्टी वाचल्याखेरीज तें विजेस जोडूं नये.

सहावा प्रश्न आवाज मोठा करण्याचा. चुंबकीय कार्ट्रिजमधून निघणारी वीज अवघी कांहीं मिलिव्होल्ट असते. ती साध्या रेडिओस किंवा स्पीकरला एकदम जोडली तर आवाज दूर विहिरींतून आल्यासारखा येतो. मध्यें एक लहान ध्वनिवर्धक लागतो. त्यास दुकानांत फोनो स्टेज म्हणतात. तो यंत्रांतच आहे कीं वेगळा घ्यावा लागेल, हें आधीं विचारावें. नाहीं तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी गत होते. आवाजांतील मंद्र आणि तार ह्यांचें प्रमाण सर्व कंपन्यांनीं एकसारखें ठेवण्यास १९५४ पासून सुरुवात केली. त्यापूर्वींच्या तबकड्या आजच्या ध्वनिवर्धकावर कधीं बोजड तर कधीं किरट्या वाटतात. तेव्हां मंद्र-ताराच्या कळा कानानें जुळवून घ्याव्या. आणखी एक युक्ति : लाखेच्या तबकडीवर डावा-उजवा असा भेद नसतो, म्हणून यंत्रावर 'मोनो'ची कळ असल्यास ती दाबावी, खरखरीचा बराचसा भाग तेवढ्यानेंच जातो.

शेवटचा प्रश्न यंत्राचा नसून घराचा आहे. जुन्या चाळींतील जमीन लांकडी तुळयांवर पेललेली असते. गॅलरींतून मुलें धांवलीं कीं खोलींतील भांडीं किणकिणतात. मग सुई उडेल ह्यांत नवल काय? अशा घरांत यंत्र टेबलावर न ठेवतां भिंतींत पक्क्या बसविलेल्या फळीवर ठेवावें आणि गवंड्याची पाणसळ लावून फळी सरळ आहे कीं नाहीं तें पाहावें. स्पीकर मात्र त्याच फळीवर ठेवूं नयेत. त्यांचा थरकांप सुईंत शिरतो आणि घूं घूं असा नाद सुरू होतो.

यंत्र ठरलें म्हणजे मग संग्रह वाढवावयाचा. फणसवाडींतून सी. पी. टँक ओलांडून उत्तरेस चालत गेलें म्हणजे पुढें चोरबाजार लागतो. तेथील मटन स्ट्रीटवर जुन्या वस्तूंच्या दुकानांतून तबकड्या आणि फोनो मिळत आले आहेत. काळाघोड्याजवळचें ऱ्हिदम हाऊस हें रसिकांचें जुनें ठिकाण २०१६ सालीं बंद झालें. पण जुन्या तबकड्यांचा व्यवहार थांबलेला नाहीं. चोरबाजारांत पितळी कर्ण्याचे चकचकीत फोनो दिसतात. त्यांपैकीं पुष्कळ अलीकडे शोभेसाठीं जुळविलेले असतात : पेटी एकीकडची, कर्णा नवा, वर जुन्या कंपनीचें खोटें पदक. दिवाणखान्यांत ठेवण्यास ते ठीक. तबकडी त्यांवर ठेवूं नये.

जुनी तबकडी घेतांना ती उजेडांत तिरपी धरावी. खांचा काळ्याभोर चमकत असतील तर ती कमी वाजलेली आहे. करड्या दिसल्या तर सुईनें खाल्ली आहे. लाखेच्या तबकडीच्या कडेवरून बोट फिरवून केसासारखी चीर आहे का तें पाहावें. लेबलावरील आणि लेबलाजवळ कोरलेला क्रमांक उतरून घ्यावा. एकाच गाण्याच्या दोन प्रती कोणत्या, हें त्यावरून कळतें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे आपलें क्षेत्र ठरवावें. कोणी नाट्यगीतें घ्यावीं, कोणी एकाच घराण्याचें गाणें घ्यावें, कोणी कीर्तनें आणि पोवाडे घ्यावे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत सर्वच मावत नाहीं. दहा इंची लाखेची तबकडी पाव किलोच्या आंतबाहेर भरते. शंभर तबकड्या म्हणजे धान्याचें अर्धें पोतें झालें. निवड केली नाहीं तर छंदाची अडगळ होते आणि अडगळीचा शेवट भंगारांत होतो.

घेतलेली तबकडी पुस्तकाप्रमाणें उभी ठेवावी. आडव्या थप्पींत खालच्या वांकतात किंवा फुटतात. उन्हापासून दूर ठेवावी. पावसाळ्यांत कागदी पाकिटांना बुरशी येते, म्हणून तीं श्रावणांत एकदां तपासून ओलीं झालेलीं बदलावीं. धुण्याविषयीं एक नियम कधींहि विसरूं नये : लाखेच्या तबकडीस स्पिरिट लावूं नये. स्पिरिटांत लाख विरघळते. सुतार तिचें पॉलिश त्याच रीतीनें करतो. साधें पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ कापड, लेबल कोरडें आणि लगेच पुसणें, एवढें पुरतें.

आणि शेवटीं एक वही ठेवावी. तींत गायक, गाणें, कंपनी, क्रमांक आणि तबकडी कोणाकडून आली तें लिहावें. वेग आणि सुई बरोबर लावून एकदां वाजवितांना गाण्याची संगणकावर प्रत करून घ्यावी. म्हणजे रोज ऐकण्यासाठीं प्रत आणि सणावारीं मूळ, अशी व्यवस्था होते. एकट्याच्या वहीचा उपयोग दहांना होतो तो वह्या एकत्र आल्यानें. मुंबईंत १९९० सालीं 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था ह्याच हेतूनें निघाली आणि 'द रेकॉर्ड न्यूज' ह्या तिच्या नियतकालिकांतून संग्राहकांच्या याद्या आणि शोध प्रसिद्ध झाले. डॉ. सुरेश चांदवणकर ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनीं त्या कामीं पुष्कळ वर्षें वेंचलीं. विद्यापीठांनीं करावयाचें काम अशा छांदिष्टांनीं आपल्या फावल्या वेळांत केलें आहे.

फणसवाडींतील त्या आजोबा-नातवाकडे आतां पुन्हां वळूं. नातवानें पेटीचें यंत्र मित्रास देऊन टाकलें. थोडे पैसे सांठवून त्यानें तीन वेगांचें, वजन लावतां येणारें यंत्र घेतलें आणि आजोबांनीं आपल्या पेन्शनींतून ७८ ची सुई आणविली. ज्या तबकडीवर केवळ खरखर ऐकूं आली होती तीच धुऊन, पुसून, वेग लावून पुन्हां ठेविली. खरखर होतीच, पण आतां ती अंगणांतल्या पावसासारखी बाहेर राहिली आणि घरांत गवई गाऊं लागला. तीन मिनिटांनीं सुई कडेस पोंचली तेव्हां कोणी कांहीं बोललें नाहीं.

थोड्या वेळानें नातवानें विचारलें, "आजोबा, नव्या घरीं ही ट्रंक कोणत्या भिंतीपाशीं ठेवावयाची ?"

एवढा प्रश्न निघाला म्हणजे संग्रह वांचला असें समजावें.

अल्लादियाखाँसाहेबांनीं तबकडी दिली नाहीं, हें मघां सांगितलें. त्यांच्या शिष्या सूरश्री केसरबाई केरकर ह्याहि ह्या बाबतींत कडकच होत्या. त्यांनीं मोजकीच गाणीं मुद्रित होऊं दिलीं. त्यांपैकीं भैरवींतील एक गाणें १९७७ सालीं अमेरिकेनें सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडींत घातलें आहे. त्याच वर्षीं सप्टेंबरांत केसरबाई निवर्तल्या. त्यांपैकीं पहिलें यान २०१२ सालीं सूर्याच्या वाऱ्याचें क्षेत्र ओलांडून ताऱ्यांमधील पोकळींत गेलें आणि तें गाणें घेऊन अद्यापि पुढें जात आहे. ती तबकडी मिनिटास १६ पूर्णांक २ तृतीयांश फेऱ्यांची आहे. तें यान कोणास सांपडेल, त्याला कान असतील कीं नाहीं, हें कोणीच सांगूं शकत नाहीं. तरीहि ज्यांनीं ती पाठविली त्यांनीं नुसती तबकडी पाठविली नाहीं. तिच्याबरोबर कार्ट्रिज आणि सुई दिली, आणि ती कशी व किती वेगानें वाजवावी ह्याची आकृति वेष्टनावर कोरली.

माळ्यावरची ट्रंक पुढच्या पिढीच्या हातीं देतांना इतकेंच करावयाचें आहे. तबकड्यांबरोबर त्यांची योग्य सुई द्यावी, वेग लिहून ठेवावा आणि वही वर ठेवावी.